सल्ला हवा: मामांच्या दांडीच्या हर्क्युलसची क्लंकर करायची आहे (बजेट ३,५००, नागपूर)

झिल्पी_रविवार
रविवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. महाल भागातल्या मामांच्या घरी जिन्याखाली पंधरा-सोळा वर्षं पडून असलेली हर्क्युलस परवा माझ्या ताब्यात आली. दांडीची, २४ इंची फ्रेम, २८ चं चाक, रॉड ब्रेक (तारेऐवजी सळईने ओढले जाणारे). चेनकव्हरची चाळणी झालीय, मागचं मडगार्ड ओढलं तर हातातच आलं. फ्रेम मात्र ठणठणीत. सीट काढून नळीत टॉर्च मारला, आत गंज आहे पण वरवरचा.

बरेच दिवस डोक्यात आहे की अशा फ्रेमची क्लंकर करायची. मडगार्ड, स्टँड, कॅरिअर सगळं उतरवायचं, भंगारातून जाड टायरची चाकं आणायची, रुंद हँडल लावायचा आणि रविवारी पहाटे झिल्पी तलावाकडच्या मुरमाच्या रस्त्यांवर हाणायची.

एमटीबीचं (माउंटन बाइकचं) २६ चं चाक यात बसतं का? बसलं तर ब्रेकचं काय? आणि नागपुरात असं काम मन लावून करणारा मिस्तरी कुठे भेटेल?

बजेट साडेतीन हजार. त्यावर एक रुपया नाही, घरी तसं कबूल करून बसलोय. कृपया "नवीन घे" म्हणू नका.

बर्डीवाला
रविवार, रात्री ९:५०

नवीन घे. मी मागच्या दिवाळीला घेतली, २१ गियर, दोन्हीकडे डिस्क, साडेसोळा हजार. एकदाही हात काळे करावे लागले नाहीत. साडेतीन हजारात टायर-ट्यूब आणि मनस्ताप येतो.

झिल्पी_रविवार
रविवार, रात्री ९:५३

दादा, शेवटची ओळ वाचली का?

बर्डीवाला
रविवार, रात्री ९:५४

वाचली. म्हणूनच सांगतोय.

ऑरेंज_पायडल
रविवार, रात्री १०:२०

वा! शहरात कोणाला तरी क्लंकर हा शब्द माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत माउंट टॅमलपायस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली पोरं १९३०-४० च्या जुन्या श्विन एक्सेलसियर फ्रेम कवडीमोलाने उचलायची, त्यावर २६ x २.१२५ चे फुगे टायर आणि मागे कोस्टर ब्रेक. कोस्टर म्हणजे पायडल उलटं दाबलं की ब्रेक. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्सजवळ त्यांची पहिली रिपॅक शर्यत झाली. तीन किलोमीटरच्या आसपास रस्ता आणि त्यात साधारण चारशे मीटर उतार! खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा, मग हब उघडून पुन्हा ग्रीस भरायचं. म्हणून नाव रिपॅक. गॅरी फिशरने अशाच भंगारावर गियर आणि ड्रम ब्रेक चढवले, जो ब्रीझने पुढे १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बांधल्या. आज दुकानात एमटीबी म्हणून जे मिळतं त्याचे हे आजोबा.

तेव्हा तू कोस्टर हबच शोध. त्याशिवाय ती क्लंकर नाही.

तर्री_जास्त
रविवार, रात्री १०:३१

भाऊ, आपल्याकडं टॅमलपायस कुठून आणता? सेमिनरी हिल्सवरून उतरलं त ग्रीस कोमट होयाच्या आधी टेकडी संपते.

कारखाना_फिटर
सोमवार, सकाळी ६:१५

आधी टेप घे, मग पाकीट काढ. दांडीच्या सायकलच्या २८ च्या रिमवर टायर ज्या कडेला बसतो तिचा व्यास ६३५ मिमी. एमटीबीचं २६ म्हणजे ५५९. फरक ७६, म्हणजे कड चहूकडून ३८ मिमी आत गेली. रॉड ब्रेकची रबरं हबकडच्या बाजूने वर ओढली जाऊन रिमच्या पोटाला लागतात. २६ चं चाक घातलंस तर ती रिमला लागणारच नाहीत, टायरच्या कुशीला घासत बसतील.

चाक लहान झालं की सायकलही खाली बसते. २.१२५ चा टायर लावूनसुद्धा क्रँक (पायडलचा दांडा) दोनेक सेंटीमीटर खाली येईल. डांबरावर कळणार नाही, दगडात पायडल आपटेल तेव्हा कळेल.

मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खालच्या नळ्यांमध्ये, टायर जातो तिथे, आतली जागा मोज. २.१२५ चा टायर फुगला की ५४ मिमी होतो आणि चिखलासाठी दोन्हीकडे थोडं सुटायला हवं. आपल्या सायकली ४० मिमीच्या टायरसाठी बांधलेल्या. शिवाय मागचा हब बसतो तिथलं माप घे. गियरचा हब १३५ चा असतो, तुझं ११० च्या आसपास भरेल. लोखंड आहे, फाकतं. पण दोन्ही बाजू सारख्या फाकत नाहीत आणि मग चाक आयुष्यभर तिरपं चालतं.

मापं टाक, मग पुढचं बोलू.

तर्री_जास्त
सोमवार, सकाळी ९:०५

काका बरोबर सांगून राह्यले. मी हा उद्योग केला आहे म्हणून सांगतो. जुन्या फ्रेमले व्ही-ब्रेकचे (रिमले दोन्हीकडून दाबते तो ब्रेक) खुंट लावून घ्याले एका गेट-ग्रिलवाल्याकडं गेलो. त्यानं काडी टेकवली अन् नळीले भोकच पाडलं! मंग तेच भोक त्यानं लोखंड ओतून भरलं, वरून घासून चकाचक केलं, अन् पैसे दोनदा घेतले. दोन महिने चालली. तिसऱ्यात फुटाळ्याच्या उतारावर कर्र आवाज आला, थांबून पाह्यलं त मागची नळी उघडी. पडलो नाही, पण मक्याचं कणीस खात बसलेले पोट्टे लय हसले. तेव्हापासून नळीले वेल्डिंग म्हटलं की मी उठून जातो.

कारखाना_फिटर
सोमवार, सकाळी ९:४०

नळी पातळ आणि सांधे पितळेने भरलेले. त्यावर आर्क वेल्डिंग करायचंच नाही. गॅसवर पितळ भरणारा शोधायचा असतो. ग्रिलवाल्याचा दोष नाही, तुमचा आहे.

तर्री_जास्त
सोमवार, सकाळी ९:४२

ते पैसे दोनदा घेतले तो दोष कोणाचा, काका?

महालकर_जुना
सोमवार, दुपारी १:१०

हर्क्युलस ओरिजिनल बर्मिंगहॅमची आहे का? हँडलखालच्या नळीवरचा बिल्ला बघा. ती असेल तर हात लावू नका, जपून ठेवा, संग्राहक घेतात.

ऑरेंज_पायडल
सोमवार, दुपारी १:२५

बर्मिंगहॅमची कशी असेल? टीआय सायकल्स ही कंपनी १९४९ ला मद्रासला निघाली, तिथूनच हर्क्युलस यायच्या. मामांची तिकडचीच असणार.

महालकर_जुना
सोमवार, दुपारी १:४०

त्याआधी विलायतेतूनच यायच्या की. आमच्या वडिलांची होती. बिल्ला बघा म्हटलं, वाद कुठे घातला?

झिल्पी_रविवार
सोमवार, दुपारी २:०२

बिल्ला नाहीये. दोन भोकं आहेत फक्त.

महालकर_जुना
सोमवार, दुपारी २:०५

म्हणजे कोणीतरी काढून नेला. म्हणजेच किमती होता.

धंतोलीची_ताई
सोमवार, रात्री ८:३०

पुरुष मंडळी चाकातच अडकली आहेत. मी वडिलांच्या दांडीच्या सायकलवर चार वर्षं मातीत फिरतेय. माझा अनुभव असा की चाकाआधी दात मोजायचे. पुढच्या चक्राला बहुतेक ४४ किंवा ४८ असतात, मागच्या फ्रीव्हीलला १८. ४४-१८ म्हणजे पायडलचा एक फेरा आणि चाकाचे जवळजवळ अडीच. सपाट रस्त्याला छान, मुरमाच्या चढाला गुडघे बोलतात. फ्रीव्हील २२ चं टाकलं की एका फेऱ्याला बरोबर दोन. शे-दीडशे रुपयांचं काम आहे. चेन मात्र तेवढी लांब लागते किंवा चाक पुढे सरकवावं लागतं, ते आधी बघायचं.

दुसरं म्हणजे सराटे. पाऊस संपला की गवताच्या कडेला सराट्याचे काटे पसरलेले असतात, बाभळीचे असतातच. जुनी ट्यूब उभी चिरून टायरच्या आत अस्तरासारखी घालायची. चाक थोडं जड होतं, पण त्या रस्त्यावर भर उन्हात पंक्चरवाला शोधण्यापेक्षा परवडतं.

बर्डीवाला
सोमवार, रात्री ८:४५

माझ्या टायरमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) आहे. अजून एक पंक्चर नाही.

धंतोलीची_ताई
सोमवार, रात्री ८:४७

कुठे चालवता?

बर्डीवाला
सोमवार, रात्री ८:५८

सिव्हिल लाइन्स. जास्तीत जास्त फुटाळा.

काळीमाती
सोमवार, रात्री १०:१५

कोणी सांगितलं का माहीत नाही, पण २६ चं चाक टाकलं तर रॉड ब्रेक लागणार नाहीत. रिम लहान पडते. आणि आपल्याकडची काळी माती विसरू नका. पावसात दहा पावलं चालली की टायर अन् चिमट्याच्या (फोर्कच्या) मधात असा गारा बसतो की चाक फिरतच नाही, काडीने उकरत बसावं लागतं. जाड टायर घालून जागा कमी केली तर सायकल खांद्यावर घेऊन या घरी. पावसाळ्यात मुरूम सोडायचाच नाही.

झिल्पी_रविवार
मंगळवार, सकाळी ७:३०

काका, मापं घेतली. टायर जातो तिथे मागच्या नळ्यांच्या मधात ५२ मिमी. हबच्या जागी ११२. पुढे ४४ दात, मागे १८. म्हणजे ५४ चा टायर जातच नाही, बरोबर?

कारखाना_फिटर
मंगळवार, सकाळी ७:४५

बरोबर. विषय संपला. आता ऐक. मामांची सायकल पुसून तेल-पाणी करून ठेव, दूध आणायला वापर. शनिवारी बाजारात कबाड्यांकडे मोडक्या एमटीबी येतात. गियर तुटलेले, सस्पेन्शन गळालेलं, पण फ्रेम लोखंडी आणि ब्रेकचे खुंट कारखान्यातूनच लावलेले. तसली एक घे, गियर काढून एकच फ्रीव्हील टाक, साधा चिमटा बसव. घेण्याआधी पुढची नळी आणि हँडलची नळी मिळतात तिथे खालून बोट फिरव. रंगाला सुरकुती लागली तर सोडून दे, ती सायकल कुठेतरी धडकलेली आहे.

ऑरेंज_पायडल
मंगळवार, सकाळी १०:००

एमटीबीपासून क्लंकर? मग ती क्लंकर कसली? उलटी गंगा झाली.

धंतोलीची_ताई
मंगळवार, सकाळी १०:२०

फिटर काकांना अनुमोदन. बजेटमध्येही बसतं.

तर्री_जास्त
मंगळवार, सकाळी १०:२२

मीपण काकांसोबत.

गुपचूप_वाचक
मंगळवार, दुपारी १२:४०

पहिल्यांदाच लिहितोय. माझ्याकडे गच्चीवर तशी एक एमटीबी पडून आहे, १८ गियर, मागचं चाक नाही. तीन हजारात देतो.

तर्री_जास्त
मंगळवार, दुपारी १२:४४

चाक नाही अन् तीन हजार? काऊन बापा, गच्चीसकट देऊन राह्यले का?

गुपचूप_वाचक
मंगळवार, दुपारी १२:५०

ब्रँडेड आहे. २,८०० शेवटचे.

काळीमाती
मंगळवार, दुपारी १:३०

फोटो टाका. आणि हो, २६ चं चाक दांडीच्या सायकलला बसत नाही, हे त्या मूळ प्रश्न विचारणाऱ्याला कोणीतरी सांगा.

*(तीन आठवड्यांनंतर)*

झिल्पी_रविवार
रविवार, संध्याकाळी ६:५०

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचं दोनदा वाचलं. शनिवारी बाजारातही जाऊन आलो, एक फ्रेम चौदाशेला ठरतही होती. बोट फिरवलं, सुरकुती नव्हती. तरी घेतली नाही.

मामांचीच केली. २८ चीच चाकं, रॉड ब्रेकच. खर्च असा: टायर दोन ७६०, ट्यूब दोन २४०, २२ दातांचं फ्रीव्हील १३०, चेन १७०, ब्रेकची रबरं ६०, छर्रे आणि ग्रीस १३०, कॉटर पिना (क्रँक पक्की धरणाऱ्या) ३०, मजुरी ४५०. एकूण १,९७०. रुंद हँडलचं स्वप्न गेलं, कारण रॉड ब्रेकच्या मुठी हँडललाच जोडलेल्या असतात, हँडल बदलला की ब्रेकच जातो. हे इथे कोणीच बोललं नाही!

मिस्तरी महालातलाच, मामांच्या ओळखीचा. जुनी कॉटर पिन निघेना. त्याने क्रँकखाली लाकडाचा ठोकळा लावला, रॉकेल सोडलं, चहा पिऊन आला आणि मग एकच ठोका घातला. पिन टण्णकन उडून नालीत. "पंधरा वर्षं बसली होती, घाईनं निघते का," म्हणाला. हबच्या वाट्या काढल्या तर आतलं ग्रीस गुळाच्या ढेपेसारखं झालेलं. सगळे छर्रे नवे टाकले.

आज पहाटे झिल्पीला जाऊन आलो. २२ चं फ्रीव्हील म्हणजे ताई, तुमचे आभार किती मानू. चढाला उतरावं लागलं नाही. उताराला मात्र उतरलो, चक्क हातात धरून चालत आणली. ब्रेक कोरड्यात लागतात, पण वाटेत एका नाल्यातून गेलो आणि रिम ओली झाल्यावर मुठी नुसत्या दाबत बसलो. अस्तर घातलंय, पंक्चर नाही. मामांनी परतल्यावर सायकल पाहिली आणि विचारलं, "कॅरिअर कुठंय? डबा कशाला अडकवशील?" कॅरिअर जिन्याखाली ठेवलंय म्हटल्यावर शांत झाले.

बर्डीवाला
रविवार, संध्याकाळी ६:५८

उतारावर चालत? मग क्लंकर कसली ती.

ऑरेंज_पायडल
रविवार, संध्याकाळी ७:०२

पहिल्यांदाच बर्डीवाल्यांशी सहमत.

कारखाना_फिटर
रविवार, संध्याकाळी ७:२०

ऐकलं नाहीसच. असो. ओल्या रिमवर रॉड ब्रेकचा भरवसा धरू नकोस. पाण्यातून निघालास की मुठी हलक्या दाबून चार-पाच फेरे चालव, रिम पुसली जाते. दोन-तीन फेऱ्या झाल्या की कॉटर पिनांचे नट पुन्हा आवळ, नवी पिन बसते आणि ढिली होते. पायडल मारताना काही वेगळं जाणवतं का?

झिल्पी_रविवार
रविवार, संध्याकाळी ७:२६

हो काका, तेच विचारणार होतो. दोन्ही पायडल एका रेषेत नाहीत असं वाटतं. उजवं खाली पूर्ण गेलं तरी डावं अगदी वर नसतं, जरा पुढे असतं.

कारखाना_फिटर
रविवार, संध्याकाळी ७:३०

एक पिन उलटी ठोकलीय. दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध दिशेने घालायच्या असतात. दोन्ही बाजूंचा फोटो टाक.

झिल्पी_रविवार
रविवार, संध्याकाळी ७:३४

जिन्याखाली अंधार आहे, उद्या सकाळी टाकतो.