निळ्या पेरोव्स्काइट एलईडीचा रंग व्होल्टेज वाढवताच हिरवट का होतो?

निळीशाई (प्रश्न):
नमस्कार. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी सीझियम, लेड, ब्रोमाइड आणि क्लोराइड यांच्या मिश्र पेरोव्स्काइटचा (विशिष्ट स्फटिकरचनेच्या प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा) निळा एलईडी तयार करत आहे. काचेवर आयटीओ (पारदर्शक विद्युतअग्र), त्यावर पीईडॉट-पीएसएस (होल म्हणजे धन प्रभार पोचवणारा थर), मग पेरोव्स्काइट, टीपीबीआय (इलेक्ट्रॉन पोचवणारा थर) आणि शेवटी लिथियम फ्लोराइड व ॲल्युमिनियम, अशी रचना आहे. नुसत्या थरावर अतिनील प्रकाश टाकला की ४७२ नॅनोमीटरला वर्णपटाचे शिखर मिळते आणि दिवाही सुरुवातीला त्याच रंगाने उजळतो. परंतु ५ व्होल्टच्या पुढे गेल्यावर मिनिटभरातच शिखर ४९० च्या पलीकडे सरकते. क्लोराइड वाढवून पाहिले, तर रंग थोडा सुधारला, पण प्रकाश निम्म्यावर आला. बाह्य क्वांटम कार्यक्षमता (आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे बाहेर पडणारे प्रकाशकण) जेमतेम १ टक्का आहे. आधी रंग स्थिर करावा की कार्यक्षमतेच्या मागे लागावे?

स्फटिकवेडा:
हे दोन प्रश्न मला वेगळे वाटत नाहीत. आधी एक चाचणी करा: रंग सरकलेला दिवा बंद करून अर्धा तास अंधारात ठेवा आणि अगदी कमी प्रवाहावर वर्णपट पुन्हा घ्या. शिखर निळ्याकडे परतले, तर हॅलाइड (इथे ब्रोमाइड व क्लोराइड) आयनांच्या स्थलांतरावर संशय घ्यावा. परतले नाही, तर बहुधा थरच बिघडला आहे.

आयन सरकतात ते स्फटिकातील रिक्त जागांमधून. विद्युतक्षेत्राखाली ब्रोमाइड आणि क्लोराइड हळूहळू वेगळे होतात आणि ब्रोमाइडबहुल बेटे तयार होतात. त्यांचा बँडगॅप (प्रकाशाचा रंग ठरवणारे ऊर्जेचे अंतर) लहान असल्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल, पाणी खोलगट भागात साचावे तसे, तिथेच जमतात. म्हणून बेटांचा वाटा नगण्य असला तरी डोळ्यांना दिसतो तो त्यांचाच रंग. याच क्लोराइडच्या रिक्त जागा खोल सापळेही तयार करतात, ज्यांत वाहक प्रकाश न देताच संपून जातात. क्लोराइड वाढवल्यावर तुमचा प्रकाश घटला त्याचे कारण बहुधा हेच. शिवाय सीझियम क्लोराइड आणि लेड क्लोराइड डीएमएसओ या द्रावकात सहज विरघळत नाहीत. वजन करून घातलेले सगळे क्लोराइड थरापर्यंत पोचते असे गृहीत धरू नका, फिल्टरमध्ये काय अडकले तेही पाहा.

रिक्त जागा भरण्यासाठी डायफेनिलफॉस्फिनिक क्लोराइड वापरल्याचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यातील क्लोराइड रिक्त जागेत बसते आणि उरलेला भाग पृष्ठभागाला धरून राहतो. पोटॅशियम ब्रोमाइडची अल्प मात्रा हा स्वस्त पर्याय आहे.

होलवाहक:
वरील विवेचन पटते, मात्र ५ व्होल्ट लागतातच का, हेही विचारायला हवे. पीईडॉट-पीएसएसचे कार्यफल (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) साधारण ५.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तर निळ्या पेरोव्स्काइटचा संयुजा पट्ट (होल ज्या ऊर्जापातळीत वाहतात ती) ६ च्या आसपास असतो. एवढी पायरी चढून होल आत येत नाहीत, इलेक्ट्रॉन मात्र टीपीबीआयमधून येतच राहतात. तोल जातो, व्होल्टेज वाढवावे लागते आणि त्याच वाढीव क्षेत्राने आयन हलतात. मध्ये पीव्हीके या होल वाहणाऱ्या बहुवारिकाचा पातळ थर द्या, किंवा पीईडॉटमध्ये परफ्लोरिनेटेड आयोनोमर (फ्लोरिनयुक्त, प्रभारित गट असलेले बहुवारिक) मिसळून कार्यफल खोल न्या. मोजमाप स्थिर प्रवाहावर करा आणि प्रत्येक वर्णपटासोबत वेळही नोंदवा.

थरावरथर:
क्लोराइड पूर्णपणे टाळण्याचा मार्गही आहे. शुद्ध ब्रोमाइडच्या तीन एकक-थर जाडीच्या नॅनोप्लेटलेट (अतिसूक्ष्म चपट्या स्फटिक-चकत्या) ४६० नॅनोमीटरच्या जवळपास प्रकाश देतात. पण त्यांच्यावरील लांब सेंद्रिय साखळ्या प्रवाह अडवतात आणि उष्णतेने प्लेटलेट एकमेकींत मिसळल्या की दिवा पुन्हा हिरवा! फेनिलइथाइलअमोनियम हा मोठा सेंद्रिय आयन वापरून अर्ध-द्विमितीय थर (वेगवेगळ्या जाडीच्या अतिपातळ पेरोव्स्काइट पदरांचा) केला, तर ऊर्जा सर्वांत जाड थराकडे वाहते, त्यामुळे जाडीचे वितरण अरुंद ठेवावे लागते. प्रकल्पाला थोडेच महिने उरले असतील, तर मी या वाटेने जाणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. हिरव्या आणि लाल पेरोव्स्काइट दिव्यांनी २०१८ मध्येच बाह्य क्वांटम कार्यक्षमतेचा २० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. त्या आकड्यांशी तुलना करून खचू नका. निळ्याचे मोठे आकडे वाचतानाही तरंगलांबी पाहा, कारण ४८५ ला मिळालेली कार्यक्षमता आकाशी रंगाची असते, तर रेक. २०२० या प्रदर्शन-मानकाचा निळा ४६७ ला आहे.

निळीशाई:
चाचणी केली. शिखर ४९१ वरून ४७५ वर परतले, म्हणजे स्थलांतरच. पीव्हीके देऊन पाहिले, परंतु त्यावर पेरोव्स्काइटचे द्रावण अळवावरच्या पाण्यासारखे घरंगळते आणि थर ठिपक्याठिपक्यांचा होतो.

होलवाहक:
पीव्हीकेचा पृष्ठभाग डीएमएसओला धरत नाही, हे अपेक्षितच आहे. त्यावर पीव्हीपी या द्रावण धरून ठेवणाऱ्या बहुवारिकाचा अतिशय पातळ थर द्या, द्रावण पसरेल. प्लाझ्माने (आयनीकृत वायूने पृष्ठभागावर प्रक्रिया करून) काम लवकर होते, पण काही सेकंदांपेक्षा जास्त दिल्यास पीव्हीकेच खराब होते. आणि पीव्हीकेसह व पीव्हीकेविना असे दोन्ही दिवे एकाच दिवशी, एकाच द्रावणातून करा, म्हणजे फरक नेमका कशाचा ते कळेल.