चर्चा : गिरणगावची बोली गाण्यात धरून ठेवता येईल काय?

चाळकरी

परळ-लालबाग पट्ट्यातील तरुणांच्या एका लोकगीत पथकाचा कार्यक्रम मी नुकताच ऐकला. डफ, ढोलकी, तुणतुणे आणि दिमडी एवढ्याच वाद्यांवर ते दोन तास गात होते. गिरणीचा भोंगा, तीन पाळ्या, खानावळ, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे गाववाले आणि शेवटी १९८२ चा संप, असा त्या गाण्यांचा क्रम होता. निवेदनही पुस्तकी मराठीत नव्हते. जी भाषा आमच्या चाळीच्या जिन्यात सकाळ-संध्याकाळ ऐकू येत असे, त्याच भाषेत होते. कार्यक्रम संपल्यावर एका परिचितांनी विचारले की, गिरण्या गेल्या, कामगार पांगले, मग आता हा सोहळा कोणासाठी? माझे उत्तर येथे मांडतो आणि इतरांची मते मागतो.

कावसजी दावर यांची ताडदेवची कापड गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तेथपासून १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपापर्यंत, म्हणजे सव्वाशे वर्षे, मुंबईच्या मोठ्या भागाचा दिवस भोंग्यावर चालला. आज तेथे मॉल आणि मनोरे आहेत. कुठे गिरणीच्या धुराची एखादी चिमणी राखलेली दिसते. चिमणी पाहता येते, पण तिच्याखाली माणसे काय बोलत होती हे ती सांगू शकत नाही. साचा (यंत्र), धोटा (मागावर आडवे सूत नेणारा), बाबिन (सूत गुंडाळायची रीळ), बदलीवाला (गैरहजर कामगाराच्या जागी येणारा), नायकीण (बायकांवरची मुकादमीण) हे शब्द फार तर कोशात सापडतील. परंतु जॉबरचे, म्हणजे मुकादमाचे, नाव घेताना आवाज कुठे खाली येई आणि बदलीवाल्याची थट्टा करताना कुठे चढे, हे कोशात नसते. सूतकताईच्या 'थ्रॉसल' यंत्रावरून पडलेले 'त्रासन खाते' हे नावच पाहा. परक्या शब्दाला कामगारांनी असे वळण दिले की त्यात त्रास आपसूक येऊन बसला. (हे जाणूनबुजून झाले की जिभेच्या सोयीने, याचा निकाल लावण्याची मला गरज वाटत नाही.) असा शब्द चालीत बसला की उच्चारासकट टिकतो. म्हणून या पथकाचे काम मला कोणत्याही संग्रहालयापेक्षा मोलाचे वाटते.

संकासुर

आपल्या लेखनातील जिव्हाळा पोहोचला, तरी मी सहमत नाही. मुळात जिला आपण गिरणगावची बोली म्हणता, ती एक बोली कधीच नव्हती. कोकणातला माणूस मालवणी किंवा संगमेश्वरी बोले, सातारा-कोल्हापूरकडचा घाटी. तेलंगणातून आलेले पद्मशाली घरात तेलुगू बोलत आणि उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आपली हिंदुस्थानी. पथकाच्या मंचावर मात्र मालवणी आणि घाटी तेवढ्या उरतात आणि बाकीच्यांचा वारसा परस्पर निकालात निघतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाचे उष्टे दुसऱ्याच्या तोंडी जाऊ नये, या सबबीखाली अस्पृश्य मानलेल्या कामगारांना अधिक कमाईच्या विणकाम खात्यात प्रवेश नाकारला जात असे आणि त्यांना सूतकताईकडेच राहावे लागे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपाच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. 'त्रासन' या शब्दाची गंमत आपण कौतुकाने सांगितलीत. ते खाते कोणाच्या वाट्याला आले होते, हे सांगितले नाहीत. धोट्याचा शब्द आपणच काढलात. पथकाच्या गाण्यांत त्या धोट्याला लागलेले उष्टे होते काय?

तिसरे असे की, १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी उभारलेले लाल बावटा कलापथक कोणताही वारसा साजरा करत नव्हते. चालू लढ्यासाठी ते पोवाडा आणि तमाशा वापरत होते. अण्णा भाऊंनी तर तमाशाच्या सुरुवातीच्या गणातले गणपतीचे वंदन बाजूला ठेवून मायभूमीला वंदन केले, म्हणजे परंपरेचा साचासुद्धा त्यांनी गरजेप्रमाणे फिरवला. आज तोच डफ वाजतो, पण मागणी कोणतीच नसते. मागणीवाचून वाजणारा डफ हा शोभेचा डफ होय.

कांडी

माझी आई वाइंडिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यात होती, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे विचारावेसे वाटते. हाच कार्यक्रम मीही ऐकला. त्यात बाई तीनदा आली : एकदा गावी वाट पाहणारी, एकदा खानावळवाली आणि एकदा संपाच्या काळात दागिने गहाण ठेवणारी. साच्यावर, बाबिनीवर हात चालवणारी बाई एकदाही आली नाही. वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत बायका होत्या, त्यांच्यावर नायकीण होती आणि त्यांची आपसात बोलण्याची एक तऱ्हा होती. खात्यात आवाज इतका असे की माझी आई घरीसुद्धा अर्धे हातवाऱ्यांनीच सांगत असे. ती बोली तुम्ही कोणत्या चालीत बसवणार?

संकासुर यांना एवढेच सांगते की, शोभेचा का होईना, तो डफ ऐकूनच आई कित्येक वर्षांनी खात्यातल्या मैत्रिणींची नावे एकामागून एक घेऊ लागली. त्यापूर्वी मी अनेकदा विचारूनही ती बोलत नसे.

दशावतारी

बोलीविषयी एक मुद्दा कोणीच काढला नाही. शहरी श्रोत्यांपुढे मालवणी वाक्य आले की अर्धे सभागृह अर्थ कळण्याआधीच हसते. 'वस्त्रहरण' हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगमंचावर आले आणि मालवणीला मराठी व्यावसायिक रंगभूमीवर हक्काची जागा मिळाली, हे निर्विवाद आहे. परंतु त्यातले हसू गावातल्या माणसांनी स्वतःच्या फजितीवर हसलेले हसू होते. पुढे अनेकांनी त्यातून एवढाच धडा घेतला की, मालवणी म्हणजे विनोद. याच सवयीने आलेला श्रोता संपावरच्या गाण्यातही 'आमका काय मिळाला' या ओळीला हसतो, हे मी स्वतः पाहिले आहे. गाणाऱ्यांचा त्यात दोष नाही. पण अशा वेळी क्षणभर थांबून तीच ओळ पुन्हा म्हणण्याचे धैर्य त्यांनी दाखवावे, असे मला वाटते. दशावतारात नट असे थांबतात आणि प्रेक्षक वठणीवर येतो.

चाळकरी

कांडी यांचे म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि ते माझ्या ध्यानात आले नव्हते, याची खंत वाटते. संकासुर यांचा धोट्याचा मुद्दाही मान्य. त्रासन खात्याविषयी मी जे लिहिले ते अर्धवट होते.

मात्र मागणी उरली नाही, हे म्हणणे मी मान्य करणार नाही. १९८२ चा संप कोणीही रीतसर मागे घेतला नाही. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले होते, आणि गिरण्यांच्या जमिनींवर नेमका कोणाचा किती हक्क, हा वाद १९९१ च्या विकास नियमावलीपासून २००६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत चालला. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ पासून सोडती काढल्या, तरी अर्ज केलेल्यांपैकी फार मोठा भाग अजून वाट पाहतो आहे. या पथकाच्या गाण्यांत घरांचा प्रश्न होता आणि त्या कडव्याला मागच्या रांगांतील म्हातारी माणसे उभी राहिली होती. तिथे डफ शोभेचा वाटला नाही.

राहिला एकाच बोलीचा प्रश्न. गिरणगावात शक्ती-तुरा आणि डबलबारी भजने रंगत असत. समोरच्याने सवाल टाकावा आणि आपण जवाब द्यावा, ही त्या प्रकारांची रीतच आहे. मग पद्मशाली, मोमीन, त्रासन खात्यातला कामगार आणि वाइंडिंगमधली बाई यांचे सवाल पथकाने आपल्याच कार्यक्रमात समोरून का घेऊ नयेत?

संकासुर

घरांच्या कडव्याविषयी मी माझा शब्द मागे घेतो. ते मला ठाऊक नव्हते. सवाल-जवाबाची कल्पनाही चांगली आहे, पण तिला एक अट जोडतो. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्यांनी उभे केलेले आंबेडकरी जलसे कामगार वस्त्यांत घुमत होते, तेव्हा सवाल विचारणारा स्वतःच्या अनुभवावर उभा होता. या पथकात तसे कोण आहे? नसेल तर बाहेरून बोलवावे, त्याला मानधन द्यावे आणि सवाल त्याचा त्यालाच लिहू द्यावा. आणि डबलबारीची रीत पाळायचीच असेल, तर तो सवाल पथकाला आधी दाखवू नये; तालमीत बसवलेला जवाब मला ऐकायचा नाही.

कांडी

नायकिणीचा सवाल मी लिहीन. हातवाऱ्यांचे काय करायचे, ते आईला विचारते.