हस्तलिखितांतील लेखनिकांच्या तक्रारी

बोरूबहाद्दर:
जुन्या हस्तलिखितांची छायाचित्रे इंटरनेटवर चाळताना एक मासलेवाईक पान हाती लागले. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथे १४२० च्या सुमारास एक लेखनिक ग्रंथाची नक्कल करीत होता आणि रात्री उघड्या राहिलेल्या पानावर मांजराने लघवी केली. त्याने उरलेले पान कोरे सोडले, डागाकडे बोट दाखवणारे हात व मांजराचे चित्र काढले आणि लॅटिनमध्ये लिहून ठेवले, की येथे मजकूर गळालेला नाही, हे त्या दुष्ट मांजराचे काम आहे, त्याचे वाटोळे होवो. वर, जेथे मांजरे येऊ शकतात तेथे रात्री पुस्तके उघडी टाकू नयेत, असा इशाराही दिला. आपल्याकडील पोथ्यांत लेखनिकांनी असे मन मोकळे केलेले कोणी पाहिले आहे काय?

पोथीशोधक:
पाहिले आहे, परंतु आपल्याकडे ते बहुधा ठरावीक संस्कृत श्लोकांतून आणि पोथीच्या अखेरीस येते. ‘भग्नपृष्ठकटिग्रीवः स्तब्धदृष्टिरधोमुखः’ म्हणजे पाठ, कंबर आणि मान मोडून, नजर ताठवून, खाली मुंडी घालून कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जपावा, अशी विनवणी त्यात असते. मला मात्र याहून गमतीचा वाटतो तो दुसरा श्लोक: ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न विद्यते ॥’ समोर जसे होते तसे उतरवले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष माझा नाही! कचेरीतल्या ‘नक्कल अस्सलबरहुकूम’ या शेऱ्यापेक्षा हे अधिक सावध आहे, कारण येथे अस्सलातील चुकांचे खापरही आधीच दुसऱ्याच्या माथी फोडून ठेवले आहे. विनोद असा, की पुढचा नक्कलकार कधीकधी चुकांसकट हा श्लोकही उतरवून घेतो, त्यामुळे निरपराध असल्याची ही ग्वाही नेमकी कोणाची, हा प्रश्न संपादकापुढे उभा राहतो.

शंकासूर:
श्लोक ठरावीक असेल तर तो तक्रार कसा? डेव्हेंटरच्या गृहस्थाचा संताप त्या रात्रीचा आणि त्याचा स्वतःचा आहे. आपला लेखनिक परंपरेने चालत आलेले हुकमी गाऱ्हाणे मांडतो. शिवाय आपल्या पोथ्यांत मांजर का नाही?

पोथीशोधक:
पहिला आक्षेप निम्मा मान्य आहे. श्लोक उसना असला तरी पाठ ज्याची त्याचीच दुखत असणार, आणि श्लोक वाकडातिकडा, घाईत खरडलेला दिसला की माणूस टेकीला आला होता हे कळते. मांजराबद्दल माझा तर्क बांधणीचा आहे. तिकडे जाड शिवलेले पुस्तक उघडे पडून राही. आपल्या पोथीची पाने सुटी, वाचन संपले की ती लाकडी फळ्यांत ठेवून कापडात गुंडाळून बांधली जात. म्हणूनच ‘तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्’ या श्लोकात पोथी स्वतःच तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून रक्षण मागते आणि पुढच्या चरणात मूर्खाच्या हाती देऊ नका असे बजावते. मांजराचे नाव त्या यादीत नाही.

बोरूबहाद्दर:
ग्रंथालयातून नेलेले पुस्तक चहाचे डाग पाडून परत करणाऱ्यांसाठी तो शेवटचा चरण मी आजच उतरवून घेतला आहे.