सोलापूर स्टेशनच्या आसपास चालणं किती सोयीचं, हे मोजायचं कसं?

पलीकडचा:
नमस्कार मंडळी. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, स्टेशनच्या आजूबाजूचा भाग पायी चालायला कसा आहे हे तपासायचा प्रोजेक्ट घेतलाय. सर म्हणले पुण्यातली मेट्रो स्टेशनं घे, वनाज ते गरवारे कॉलेज २०२२ पासून चालू आहे. मी म्हणलं आधी आपलं सोलापूर स्टेशन करून बघतो, आपल्याकडं ना मेट्रो ना लोकल, पण गाडीतून उतरलेला माणूस शेवटी चालतोच की. तर नकाशावर स्टेशन मध्यभागी धरून ८०० मीटरचा गोल मारला, कारण केंद्राच्या २०१७ च्या टीओडी (स्टेशनभोवती शहर वाढवायच्या) धोरणात ५०० ते ८०० मीटर म्हणजे दहा-बारा मिनिटांचं चालणं धरलंय. गोलात आमचं घरपण आलं आणि तिथंच गंमत झाली. घर रुळांच्या पलीकडं आहे, गच्चीवर उभं राहिलं की गाडीची अनाउन्समेंट ऐकू येते, पण पुलावरून वळसा घालून चालत गेलो तर पंचवीस मिनिटं लागली. निम्मी गल्ली तर रूळ ओलांडूनच जाते. मग गोल खरा का माझे पाय खरे? आणि अजून काय काय मोजू?

नकाशेवाला:
पाय खरे. गोल म्हणजे कावळ्याचं अंतर, माणसाला भिंत, रूळ, नाला सगळं आडवं येतं. स्टेशनच्या दारापासून निघ (मधोमध टिंब ठेवू नकोस, दार जिथं आहे तिथून), रस्त्यारस्त्यानं ८०० मीटर जिथवर पोचतं तिथवरचा आकार काढ, क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचे रस्ते घेऊन होतं. याला पेडशेड म्हणतात. पूर्ण गोल २०१ हेक्टरच्या आसपास भरतो, समजा तुझा आकार ९० हेक्टर आला तर ४५ टक्के. साठच्या वर गेला तर बरा मानतात.
दोन गोष्टी सांभाळ. एक, गल्लीबोळ नकाशावर बऱ्याचदा नसतातच, ते आधी पायी फिरून भर, नाहीतर आकडा उगाच कमी येईल. दुसरं, कंपाउंडच्या भिंतीला पडलेलं भगदाड रस्ता म्हणून धरू नको. रूळ ओलांडणं रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नकाशावर लाल ठिपका मात्र मार, लोक जिवावर उदार होऊन जिथनं जातात तिथं पादचारी पूल पाहिजे होता एवढं तरी त्यातनं कळतं.

नवीपेठवाला:
सोलापुरात कोण चालतंय बे? बाहेर आलं की रिक्षावाला बॅगच धरतोय. आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर, दुपारी एकला स्टेशन ते एसटी स्टँड चालून दाखव, मग तुझं ते टक्के-बिक्के बोलू. ते वॉकस्कोअर का काय असतंय, शून्य ते शंभर, त्यात जवळ दुकानं किती त्यावरच बरेच मार्क. आपल्याकडं पाच मिनिटांत किराणा, मेडिकल, चहा, सगळं हाय, म्हणजे आपण पहिल्या नंबरात! चालायला जागा हाय का ते विचारतंय कोण.

नकाशेवाला:
@नवीपेठवाला चेष्टेत का होईना बरोबर बोललास. म्हणून @पलीकडचा, सावली वेगळी मोज. एकच रस्ता सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री, तीनदा चाल. सकाळी ज्या कडेला झाडाची सावली असते त्याच कडेला दुपारी ऊन तापतं.

रात्रीची गाडी:
मी नोकरीमुळं मुंबईहून वंदे भारतनं येते, गाडी इथं पोचेपर्यंत साडेदहा वाजून गेलेले असतात. घर चालत दहा मिनिटांवर, तरी मी रिक्षाच करते. अंतराचा प्रश्नच नाही, मधला एक पट्टा पूर्ण काळोखाचा आहे, शटर बंद, एक दिवा चालू तर पुढचे दोन बंद. एकदा हिंमत करून चालले तर बॅगेचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं, अंधारात वाकून ओढत बसले, मागून एक दुचाकी हळू झाली तेव्हा पोटात गोळाच आला. त्यानं काही केलं नाही हो, हळू होऊन निघून गेला, पण तेव्हापासून रिक्षा. तेव्हा दिव्याचे खांब मोजू नका, पेटलेले दिवे मोजा. आणि बायकांना विचारा, रात्री कुठला रस्ता टाळता.

पलीकडचा:
ताई, हे डोक्यातच नव्हतं आलं, थँक्यू. फुटपाथची रुंदी मोजायचा काही नियम आहे का?

नकाशेवाला:
आयआरसी १०३, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसचे पादचाऱ्यांच्या सोयींचे नियम. २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती आलीय, मी २०१२ च्या आवृत्तीतले आकडे सांगतो. चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, वर २.२ मीटर उंचीपर्यंत काही लोंबतं नको, बाजाराच्या भागात रुंदी २.५. कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर म्हातारी माणसं खालूनच चालतात. टेप लावताना फरशी कुठवर आहे ते धरू नको, विजेची डीपी, गाडा, लावलेल्या दुचाकी सोडून उरतं तेवढंच. मी स्वतः दोन स्टॉपवॉच लावतो, एक सलग चालू, दुसरं फुटपाथवरून डांबरावर उतरलो की चालू आणि परत चढलो की बंद. दुसऱ्याचा आकडा बघितला की पुढं कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

पलीकडचा:
आज सकाळी करून बघितलं, घरापासून स्टेशनपर्यंत. एकूण चोवीस मिनिटं, त्यातली एकोणीस डांबरावर. आई सोबत आली होती, तिचे गुडघे दुखतात, म्हणून पुलाच्या चढाला दोनदा थांबलो. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा खाली बघून म्हणाली, इथनं उतरलो असतो तर एव्हाना पोचलो असतो. आता ते थांबणं कुठल्या रकान्यात लिहू?

नवीपेठवाला:
नवा रकाना काढ. आणि दुपारच्या फेरीला हाक मार, टोपी घालून येतो.