केनियातील वेडी बाभूळ कोळसा पाडून आटोक्यात येईल का?

माळरान :
आपल्याकडची वेडी बाभूळ केनियात ‘माथेंगे’ म्हणून ओळखली जाते. बारिंगो सरोवराच्या परिसरात १९८० च्या दशकात सरपणासाठी आणि जमिनीची धूप थांबवण्यासाठी ती मुद्दाम लावली गेली. आता तिने तेथील पशुपालकांची कुरणे व्यापली आहेत. आमच्या दुष्काळी भागात तिचा कोळसा पाडून अनेक घरे चालतात. तोच उपाय तेथे मोठ्या प्रमाणावर केला, तर तिचा बंदोबस्त होणार नाही का?

शुष्कवन :
कोळशातून चार पैसे जरूर मिळतात, पण झाड मरत नाही. जमिनीलगत तोडलेल्या बुंध्याला अनेक फुटवे येतात आणि एका खोडाच्या जागी काट्यांची जाळी उभी राहते. मुळाचा माथा खणून काढला तरच ते मरते, आणि एवढे कष्ट कोळशासाठी कोणी घेत नाही. शिवाय कोळशाला जाडजूड लाकूड लागते, त्यामुळे नव्याने पसरणारी कोवळी रोपे तशीच राहतात. गोड शेंगा खाल्लेली जनावरे तिचे टणक बी शेणातून दूरवर पेरत जातात, ते वेगळेच.

धनगरवाडा :
या शेंगांची झळ जनावरांनाही बसते. त्यांतील साखर दातांना चिकटून शेळ्यांचे दात किडतात आणि पडतात. बारिंगोच्या इल्चामुस लोकांनी २००६ साली सरकारविरुद्ध नैरोबीच्या उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा बोळकी झालेली शेळीच पुरावा म्हणून नेली होती. ज्यांचे सारे जगणे शेळ्यांवर, त्यांनी याहून वेगळा पुरावा कोणता द्यावा? पुढे २००८ साली केनियाने ही वनस्पती उपद्रवी तण म्हणून जाहीर केली.

माळरान :
मग तिच्यावर जगणारा एखादा कीटक सोडता येत नाही का?

शुष्कवन :
दक्षिण आफ्रिकेने १९८७ पासून तिच्या जवळच्या जातींचे बी पोखरणारे भुंगेरे सोडले. शेंगा आणि लाकूड अनेकांना हवे असल्यामुळे झाडाला धक्का न लावता केवळ बी खाणारा कीटक निवडला गेला. परंतु भुंगेरे पोहोचण्यापूर्वीच गुरे शेंगा फस्त करतात आणि बी सुखरूप पसरते. माझ्या मते शेंगा गोळा करून दळणे अधिक उपयोगाचे आहे, कारण दळताना बी फुटते आणि उरलेल्या पिठाचे पशुखाद्य होते. इथिओपियाच्या अफार प्रदेशात तसे प्रयत्न झाले आहेत. मात्र गुरांच्या आधी शेंगा वेचणारे हात हंगामभर लागतील, आणि त्यांना मजुरीही द्यावी लागेल.