आईची मेडिकेअर योजना फोनवर परस्पर बदलली गेली. आता काय करावे?

प्रश्न
माझी आई ७४ वर्षांची असून ग्रीन कार्डावर आमच्याजवळ अमेरिकेत राहते. सलग ५ वर्षे वास्तव्य झाल्यावर तिने मेडिकेअरमध्ये, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, नाव नोंदवले होते आणि सारे सुरळीत चालले होते. नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघेही कामावर असताना तिला एका बाईचा फोन आला. मेडिकेअरची कागदी कार्डे बंद होऊन प्लास्टिकची येणार आहेत, त्यासाठी जुन्या कार्डावरचा क्रमांक हवा, असे त्या बाईने सांगितले. आईने चष्मा लावून अकराही अक्षरे-अंक वाचून दाखवले आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला, समजो न समजो, ‘येस’ म्हटले. डिसेंबरअखेर एका अनोळखी विमा कंपनीचा जाड लिफाफा आला, तो आम्ही जाहिरात समजून बाजूला टाकला. काल हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा आई आता मेडिकेअर ॲडव्हान्टेजच्या, म्हणजे खासगी विमा कंपनीने चालवलेल्या, योजनेत आहे आणि हे डॉक्टर त्या योजनेत बसत नाहीत, असे कळले. जुनी व्यवस्था परत मिळेल का? विषय काढला की आई गप्प होते.

पहिले उत्तर
मिळू शकेल, पण आजच फोन करा. मेडिकेअरचा क्रमांक १-८००-६३३-४२२७ आहे. फोन करताना आईला शेजारी बसवा, कारण तिने स्वतः परवानगी दिल्याशिवाय ते तुमच्याशी तिच्या खात्याबद्दल बोलणार नाहीत. दुभाषी मागितल्यास विनामूल्य मिळतो. दिशाभूल करून नाव नोंदवले गेले, हे स्पष्ट शब्दांत सांगा, कारण अशा वेळी प्रकरण पाहून योजना बदलण्याची खास मुभा दिली जाते. ती न मिळाली तरी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ॲडव्हान्टेजमधील व्यक्तीला एकदा मूळ, म्हणजे थेट सरकारी, मेडिकेअरमध्ये परतता येते आणि औषधांची योजनाही घेता येते. बदल पुढील महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो. मात्र आईकडे आधी मेडिगॅपची, म्हणजे मूळ मेडिकेअरमधून न भागणारा खर्च उचलणारी, पूरक पॉलिसी असेल, तर ती परत घेताना बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीची चौकशी करू शकते, म्हणून अर्ज करण्यापूर्वी आपल्या राज्यातील ‘शिप’ या मोफत सल्लाकेंद्राशी बोलून घ्या.

दुसरे उत्तर
योजना परत मिळाली तरी बाहेर गेलेला क्रमांक बाहेरच राहतो, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. त्याच फोनवर हेही कळवा. क्रमांकाचा गैरवापर होण्याची शक्यता असेल तर मेडिकेअर नवा क्रमांक देऊ शकते. ‘सीनियर मेडिकेअर पट्रोल’ ही यंत्रणा अशाच तक्रारींसाठी आहे. यापुढे आईच्या नावावर कोणत्या सेवांचे बिल लागले, त्या हिशोबाचे जे कागद टपालाने येतील, ते आईसोबत बसून ओळ न ओळ वाचा. माझ्या सासऱ्यांच्या कागदावर गुडघ्याचे दोन पट्टे आणि एक जनुकीय चाचणी होती; पट्टे घरी कधी आले नव्हते आणि चाचणीचे नावही त्यांनी ऐकले नव्हते.

तिसरे उत्तर
वरील दोघांशी सहमत आहे. फक्त आईचा फोन काढून घेऊ नका, आमच्याकडे तो प्रयोग फसला आणि वडील अधिकच एकाकी झाले. मेडिकेअर आपणहून फोन करून कार्डाचा क्रमांक मागत नाही. ॲडव्हान्टेज विकणाऱ्या एजंटांनाही आपणहून अनोळखी व्यक्तीला फोन करण्याची मनाई आहे. मात्र हे नियम पाठ असूनही आपल्या घरची वडीलधारी माणसे समोरच्याचे बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवत नाहीत, कारण त्यांना तो उद्धटपणा वाटतो. म्हणून आम्ही वडिलांना एकच वाक्य दिले: ‘हे सगळे माझी मुलगी पाहते, पत्र पाठवा.’ एवढे म्हणून फोन ठेवला तर त्यांच्या मनाला टोचत नाही. पडद्यावर ‘मेडिकेअर’ असे नाव दिसले तरी वाक्य हेच, कारण ते नाव खोटेही दाखवता येते. नावनोंदणीच्या दिवसांत, म्हणजे १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, असे फोन विशेष येतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
सर्वांचे आभार. आज दुभाष्यासह पाऊण तास बोलणे झाले, तक्रार नोंदवली गेली आणि मूळ मेडिकेअरमध्ये परतण्याचा अर्जही झाला. नवा क्रमांक टपालाने येईल. दुभाषी बाई मराठीत बोलू लागल्यावर आईने त्या दिवशीचा सारा संवाद आपणहून सांगितला. फोन करणाऱ्या बाईला तिच्या डॉक्टरांचे नाव आधीच ठाऊक होते, हे आम्हालाही तेव्हाच कळले.