चराईच्या माळावर दगडांची कलाकृती करावी का?

माळावरचा: सासवडजवळ आमचा साडेतीन एकर माळ आहे. दोन वर्षं शेळ्या बंद केल्यात. आतेबहीण चित्रकार, ती म्हणते, सुटे दगड गोळा करून मोठं चक्राकार शिल्प करू आणि कडेनं वड-पिंपळ लावू. मला नुसतं कुसळी गवत दिसतं, पायजम्यात घुसलेलं. काय करावं?

गवतवेडा: आधी झाडं थांबवा! माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. चंडोल, धाविक उघड्यावरच घरटं करतात. जास्त चराई झाली की कुसळी माजते. विश्रांती मिळाली की मारवेल, पवन्या ही गवतं हळूहळू परततात. आणि दगड उचलू नका, त्याखाली विंचू, पाली, सरडे राहतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी सड्यावरच्या (म्हणजे कातळ पठारावरच्या) सरड्याला 2016 मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, सारडा सुपर्बा. आपला 'सरडा'च की!

माळावरचा: मग बहिणीला काय सांगू? रुसेल ती.

सड्यावरची: रुसू द्या थोडं. मी आमच्याकडे विळ्यानं चित्र काढते. बी झडल्यावर, दिवाळीनंतर, वळणावळणाची वाट कापायची, बाकी गवत उभं ठेवायचं. दरवर्षी वाट बदलते. पहिल्या वर्षी घाईनं आधीच कापलं, बी गेलं, पुढच्या पावसात पट्टा टकला. बहिणीला एक कुसळ ओलं करून तळहातावर ठेवायला सांगा: पीळ सुटत ते स्वतः फिरतं, तसंच मातीत शिरतं. याहून चांगलं शिल्प मला तरी जमलेलं नाही.

माळावरचा: आत्ताच करून पाहिलं. फिरलं की हो! व्हिडिओ पाठवलाय तिला.